किल्ली कोणाच्या हाती?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेवर पोट भरणाऱ्या पाच भटक्यांना जमावाने ठेचून मारले. त्या वर्षी मोबाइलवरून हातोहात फिरलेल्या अशा अफवांनी देशात अन्यत्रही निरपराधांचे बळी घेतले. अफवेचा उगम कोठे, हे पोलिसांना शोधता आलेच पाहिजे, असा आग्रह केंद्र सरकारने तेव्हापासून धरला आणि फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तो उतरला. ज्या संदेशसेवेचे भारतात पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते आहेत, तिने आज्ञा होताच एखाद्या संदेशाचा पहिला कर्ता कोण ते सांगितले पाहिजे, असे तो नियम म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२१ मध्ये त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एप्रिल २०२४ मध्ये तर कंपनीच्या वकिलांनी, एन्क्रिप्शन मोडावयास लावाल तर आम्हांला येथून जावे लागेल, असे न्यायालयास ऐकविले. परदेशी कंपनीची ही भाषा अनेकांना उर्मट वाटली, आणि ती तशी होतीही. तथापि भाषेवरून वादाचा निकाल लावता येत नाही.

एन्क्रिप्शन म्हणजे संदेशाला घातलेले कुलूप. ते पाठविणाऱ्याच्या यंत्रात लागते आणि फक्त घेणाऱ्याच्या यंत्रात उघडते. मधली कंपनी टपालवाल्याप्रमाणे पाकीट वाहून नेते, पण आतील मजकूर तिलाही वाचता येत नाही. हे कुलूप जसे आजारपण कळविणाऱ्या मुलीचे, अशिलाशी बोलणाऱ्या वकिलाचे वा वृत्तपत्राला बातमी पुरविणाऱ्या कारकुनाचे, तसेच ते किनारपट्टीवर अमली पदार्थ विकणाऱ्याचेही.

म्हणूनच पोलिसांची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा अतिरेक्यांना सीमेपलीकडून मिळणारे हुकूम आपल्या यंत्रणांनी ऐकले आणि पुढे खटल्यात ते पुरावा म्हणून उभे राहिले. तेच संभाषण कुलूपबंद असते तर, हा प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याला हुकूमशहा ठरविणे अन्यायाचे होईल.

परंतु पोलिसांसाठी म्हणून पाडलेले दार फक्त पोलिसांनाच ओळखते, असे मात्र नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ या काळात एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीर श्रवणासाठी असलेली सोय अज्ञात व्यक्तींनी परस्पर हस्तगत केली आणि पंतप्रधान कारामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक लोकांचे दूरध्वनी कित्येक महिने ऐकले. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने दूरध्वनी कंपन्यांना अशी सोय ठेवणे सक्तीचे केले. २०२४ मध्ये चीनशी संबंधित घुसखोर त्याच कंपन्यांच्या जाळ्यांत शिरले आणि न्यायालयीन आज्ञांवरून चाललेल्या श्रवणाची माहितीसुद्धा त्यांनी नेली. त्यानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्याच सरकारी यंत्रणेने उच्चपदस्थांना सल्ला दिला, की संभाषणासाठी संपूर्ण एन्क्रिप्शन असलेल्या सेवा वापरा! वर्षानुवर्षे ज्या कुलपाविरुद्ध तेथील तपासयंत्रणा तक्रार करीत आल्या, त्याच्याच आश्रयाला जाण्याची पाळी यावी, यात सर्व काही आले.

आपला नियम मजकूर मागत नाही, फक्त पहिले नाव मागतो, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद आहे. पण कोट्यवधींपैकी कोणता संदेश उद्या विचारला जाईल हे आधी ठाऊक नसते. सबब प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण उमटवून ठेवणे ओघानेच आले. शिवाय मूळ कर्ता परदेशात असेल, तर भारतातील पहिला पाठविणारा हाच पहिला कर्ता मानावा, असे हा नियमच सांगतो. म्हणजे बाहेरून आलेली चित्रफीत खोटी आहे काय, एवढे मित्राला विचारण्यासाठी जो ती पुढे पाठवील, त्याच्या दारी शिपाई उभा राहावयाचा. राईनपाड्याच्या अफवेवर याहून साधा उपाय त्याच जुलैत निघाला होता. एक संदेश एका वेळी पाचांपलीकडे पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा कंपनीने भारतात घातली. त्यासाठी कोणाचेही पाकीट फोडावे लागले नाही.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न किल्ली असावी की नसावी याच्याही आधीचा आहे. आज जे अधिकार सरकारपाशी आहेतच, त्यांवर पहारा कोणाचा? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यासाठी गृहसचिवांची आज्ञा आणि तिची फेरतपासणी करणारी सचिवांची समिती अशी व्यवस्था लावून दिली. न्यायाधीशाची पूर्वसंमती मात्र आवश्यक धरली नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात या व्यवस्थेचा हिशेब मांडला आहे. एकटे केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार आज्ञा काढते आणि दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आज्ञा तपासण्याचे काम येते. एवढ्या आज्ञांवर नुसते शिक्के मारावयाचे म्हटले, तरी दिवस पुरणार नाही. पेगॅसस प्रकरणी नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच असे सांगता आले नाही. तपासात सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनीच भर न्यायालयात सांगितले.

गोव्याच्या वाचकाला हे नव्याने समजावून देण्याचे कारण नाही. सालाझारशाहीत येथे लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून न्यावी लागे. लोकांनी निवडलेल्या सरकारची त्या राजवटीशी बरोबरी आम्ही करीत नाही. पण १९८६ मध्ये नागरिकांची पत्रे फोडण्याचे व्यापक अधिकार देणारे टपाल विधेयक लोकांनी निवडलेल्या संसदेनेच मंजूर केले होते, आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही म्हणूनच ते अडले, हेही विसरून चालणार नाही. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने तसे अधिकार फारशा चर्चेविना पुन्हा आले.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्या निकालाशी इमान राखावयाचे तर संशयिताचे संदेश पाहण्यासाठी तपासयंत्रणेने प्रथम न्यायाधीशापुढे उभे राहावे, कारणे लेखी द्यावीत, आणि एकंदर किती आज्ञा निघाल्या याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. तशी आज्ञा मिळाल्यावर संशयिताचा फोन जप्त करून त्यातील संदेश वाचण्यास कोणाचीही हरकत नसावी. २०२० मध्ये मुंबईतील अमली पदार्थांच्या प्रकरणात जप्त फोनांतूनच जुने संदेश तपासयंत्रणेच्या हाती आले होते, सर्वांची कुलपे मोडून नव्हे. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये झाला, त्याखालील श्रवणाचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाले. ही दुरुस्ती करण्याची संधी तेव्हा सरकारला होती. केंद्रीय फेरतपासणी समितीवर त्या नियमांनीही सचिवच बसविले. न्यायाधीश एकही नाही.