धनीराम कुठं गेला?

१२ एप्रिल २०२४. आमच्या वस्तीत जयंतीची कमान बांधायचं काम चाललेलं. बांबू, सुतळी, निळे झेंडे, वर्गणीची पावतीपुस्तकं आणि रात्री दीडला जागणारी आम्ही सात-आठ पोरं. कुणीतरी मोबाइल विटांवर टेकवला आणि म्हणाला, आपल्या माणसाचा पिच्चर आलाय. 'अमर सिंग चमकीला'. दिग्दर्शक इम्तियाज अली, संगीत रेहमानचं. बघितला. दोनदा बघितला. गाणी झकास आहेत. दिलजीत दोसांज आणि परिणीती चोप्रा यांनी ती सेटवर खरोखर गायली आहेत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल ह्यांना सगळ्यात खोटच दिसते.

पण दोस्तहो, खोट आहे.

लुधियानाजवळच्या दुगरी गावात १९६० साली चमाराच्या घरात एक पोरगा जन्मला. नाव धनीराम. घरात धन नाही आणि गावचे धनी दुसरेच! पोराला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, झाला कापड गिरणीतला कामगार. अठराव्या वर्षी सुरिंदर शिंदा ह्या गायकाला गाठलं, त्याच्यासाठी गाणी लिहिली, मग स्वतःच माइकसमोर उभा राहिला. धनीरामचा अमर सिंग झाला, वर चमकीला हे बिरुद. पुढच्या आठ-नऊ वर्षांत पंजाबच्या गावोगावी त्याचे अखाडे लागले, ट्रक आणि ट्रॅक्टरवर त्याच्या कॅसेटी वाजल्या. ८ मार्च १९८८. जालंधर जिल्ह्यातलं मेहसामपूर. कार्यक्रमासाठी गाडीतून उतरला आणि तिथंच गोळ्या घातल्या. तो, त्याची बायको आणि गाण्यातली जोडीदारीण अमरजोत, आणि दोघे साथीदार. त्याचं वय सत्तावीस. चार मुडदे पडले आणि शिक्षा आजतागायत एकालाही नाही.

आता सिनेमा काय विचारतो? तो अश्लील होता की नव्हता? अडीच तास हाच घोळ. आणि उत्तर काय, तर लोकांना जे हवं ते त्यानं दिलं, बिचारा साधा होता, नम्र होता, हात जोडून उभा राहायचा. हात जोडलेला दलित पडद्यावर फार शोभून दिसतो. प्रेक्षकाला त्याची भीती वाटत नाही, दया येते. आणि ही दया यावी म्हणून सिनेमात एक पोलीस अधिकारी ठेवलाय. तो आधी तुच्छतेनं बघतो, मग गोष्ट ऐकता ऐकता पाघळतो. साहेबाचं मन पाघळलं की झाला गायकाला न्याय! खुनी सापडले नाहीत तरी चालेल.

जात सिनेमात नाही असं मी म्हणणार नाही. आहे. येते, दोन वाक्यं बोलते आणि जाते, पाहुण्यासारखी, चहासुद्धा न पिता. २०११ च्या जनगणनेत पंजाबातले जवळजवळ ३२ टक्के लोक दलित आहेत. देशात कुठल्याच राज्यात इतकं प्रमाण नाही. आणि जमीन? ती जट्टांच्या हातात. ज्यांच्या अंगणात चमकीलाचे अखाडे लागायचे ते हेच जमीनवाले. गाण्यात काय असायचं? दारू, जिजा-साली, दीर-भावजय, चोरटे संबंध, सासरचा जाच. म्हणजे तो त्यांना त्यांच्याच माजघरातलं ऐकवत होता. मालकाच्या घरात काय चाललंय हे राबणाऱ्याला नेहमीच ठाऊक असतं, फक्त बोलायचं नसतं. हा बोलला, तेही माइक लावून. ते हसले, पैसे उधळले, पुन्हा बोलावलं, आणि सकाळी उठून म्हणाले, अश्लील! अरे, ऐकायला पहिल्या रांगेत कोण बसलं होतं?

मारलं कुणी हे सिद्ध झालेलं नाही. अतिरेक्यांनी मारलं म्हणतात. धंद्यातल्या वैऱ्यांनी मारलं म्हणतात. आणि तिसरं म्हणतात ते असं की अमरजोत वरच्या जातीतली, ती ह्याच्याशी लग्न करून बसली, हे कुणाला तरी खपलं नाही. मी न्यायाधीश नाही, तिन्हीतलं एकही ठोकून सांगणार नाही. पण पहिल्या दोन शंकांना सिनेमा मोकळा आवाज देतो आणि तिसरीपाशी आला की त्याचा आवाज बारीक होतो, हे मला ऐकू आलं.

आता आपलंही बोलू. माझी ताई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, तुम्ही सगळे चमकीला चमकीला करताय, त्या गाण्यांत बाईचा माल केलाय त्याचं काय? आणि अमरजोतला कुणी काही विचारलं का? मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. जातीनं खालचा आहे म्हणून त्याच्या गाण्यातली बाई वर जात नाही. पण आमच्याकडं तमाशाचं काय झालं तेही आठवा. नाचणारी आमच्यातली, दौलतजादा करणारा पाटील, आणि अश्लील कोण, तर ती. पुढं आम्हीसुद्धा शिकलो-सवरलो आणि तिच्याकडं पाठ फिरवली. माझे नाना तमाशात ढोलकीवर होते. चळवळीतल्या मंडळींनी सांगितलं म्हणून सोडली. भीमगीतांच्या पार्टीत वाजवायला लागले. नानांना त्याचा अभिमान आहे, पण फडातल्या बायका पुढं कुठं गेल्या, हे विचारलं की ते गप्प होतात.

गाणाऱ्या माणसाचा सिनेमा कसा करावा? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरेंनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन त्या मरणामागं चौदा वर्षं फिरले, तेव्हा २०११ ला 'जय भीम कॉम्रेड' झाला. त्यात गाणी आहेत, गाणाऱ्यांच्या वस्त्या आहेत आणि वस्तीवर झाडलेली गोळीही आहे. गायक चांगला की वाईट हे तो विचारतच बसत नाही. का मेला हे विचारतो. तुम्ही म्हणाल, तो माहितीपट, हा धंद्याचा सिनेमा. मान्य. पण धंद्याच्या सिनेमाला रेहमान परवडतो आणि धनीरामची जात दोन वाक्यांपलीकडं परवडत नाही, हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा.

चौदाला रात्री दहा वाजता समोरच्या सोसायटीतून फोन गेला. पोलीस आले. आवाज बंद करा, लोकांना त्रास होतो. स्पीकर बंद झाला. पोरं चिडली, दोघं-तिघं अंगावर धावून जायला निघाली. नानांनी त्यांना मागं ओढलं आणि घरातनं ढोलकी मागवली.

तिला वायर नसते.