हॉलमधली रेल्वे: नेहमीचे सात प्रश्न

पगार सुरू झाला, स्वतःचा फ्लॅट (किंवा निदान स्वतःची खोली) मिळाली, की लहानपणी राहून गेलेले हट्ट हळूच डोकं वर काढतात. कुणी गिटार घेतं, कुणी कॅमेरा, आणि काही जण थेट रेल्वेचा सेट! मग ऑफिसात सांगायची चोरी, कारण ‘अजून आगगाडीशी खेळतोस?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या. बाकीचे नेहमीचे प्रश्न या आठवड्यात निकालात काढू.

एचओ, ओओ, एन... नक्की घ्यायचं काय?
स्केल म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. या दोन शब्दांची सरमिसळ झाली की खरेदी फसते. एचओ म्हणजे १:८७, रूळ १६.५ मिलिमीटरवर. ब्रिटिश ओओ १:७६, पण रूळ तेवढ्याच अंतरावर. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटरवर. नवख्यांसाठी एचओ सोयीचं, कारण त्यातलं सामान सगळ्यात जास्त मिळतं. फक्त एक सांभाळा. मार्कलिनचं पारंपरिक एचओ एसी करंटवर आणि मधल्या तिसऱ्या संपर्कावर चालतं. जर्मनीतल्या मित्राने हौसेने आणलेलं ते इंजिन तुमच्या साध्या डीसी ट्रॅकवर जागचं हलणार नाही.

भारतीय इंजिनाचं मॉडेल रुळांवर ठेवलं की काहीतरी चुकल्यासारखं का दिसतं?
तुमची नजर बरोबर आहे. एचओचे रूळ युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर गेजचा हिशेब धरून केलेले. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १:८७ ने भागलं तर १९.३ मिलिमीटर हवेत, मिळतात १६.५. म्हणजे गाडी भारतीय आणि खालची वाट परदेशी! बहुतेक हौशी मंडळी हे चालवून घेतात. ज्यांना चालत नाही ते रूळ हाताने बनवतात. त्याला वेळ आणि चिकाटी दोन्ही जाम लागतात.

हॉलमध्ये अख्खी एक्स्प्रेस बसेल?
हिशेब करा. एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा, एचओत साडेसत्तावीस सेंटिमीटर. १६ डबे आणि इंजिन धरलं तर गाडी साडेचार मीटरच्या वर जाते. वळणाचा मामला तर आणखी कठीण. ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या किमान १७५ मीटर लागते, म्हणजे एचओत दोन मीटर. नुसता गोल मारायला चार मीटर रुंदी हवी! सेटबरोबर येणाऱ्या १८ इंची वळणाचं प्रत्यक्षातलं माप निघतं जेमतेम ४० मीटर. म्हणून लांब डबे तिथे बाहेर झुकतात, एकमेकांना ढकलतात आणि घसरतात. दोष गाडीचा नाही, वळणाचा आहे.

गाडी खेळण्यातली का वाटते?
कारण आपण ती पळवतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे एचओत सेकंदाला फक्त ३२ सेंटिमीटर. तीन मीटरचा ट्रॅक पार करायला नऊ सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून बघाच. कंट्रोलरचा नॉब अर्ध्यावर आणा, गाडी लगेच खरी वाटायला लागेल.

गाडी परत फिरवायला लूप टाकला आणि सगळं बंद पडलं. का?
शॉर्ट सर्किट. साध्या डीसी लेआउटमध्ये एका रुळाला प्लस, दुसऱ्याला मायनस. रूळ फिरून स्वतःलाच येऊन मिळाला की प्लस मायनसला भिडतो. उपाय सोपा आहे. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडून प्लास्टिकचे जोड घाला आणि त्या तुकड्याला वेगळा स्विच द्या. खऱ्या रेल्वेला ही अडचण फारशी येत नाही, कारण तिथे वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांमधून परत जाते.

खऱ्या गाडीची मापं घ्यायला ट्रॅकवर उतरलं तर?
अजिबात नको. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. मुंबईच्या लोकलचा जुना १५०० व्होल्ट डीसीचा जमाना २०१६ मध्ये संपला. शिवाय विनापरवानगी रुळांवर जाणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्यापेक्षा कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये उभं केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम गाठा. सिग्नल, वळणं, घाट एका लेआउटवर कसे बसवतात ते तिथे नीट कळतं.

मग वन-बीएचकेवाल्यांनी काय करायचं?
ब्रॉडगेजचा नाद सोडून बार्शी लाइट रेल्वे करायची! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरची ही अडीच फुटी नॅरोगेज १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. तिचं गेज ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागा, उत्तर येतं ८.८. एनचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळपास फिट्ट! वर डबे आणि माणसं एचओच्या मापाची. या जोडीला एचओई म्हणतात. या गेजला ४४ मीटर त्रिज्येचं वळण चालतं, म्हणजे मॉडेलमध्ये अर्धा मीटर. चार बाय सहा फुटांच्या टेबलावर, डबल बेडपेक्षा कमी जागेत, सगळी मापं जवळपास खरी.

तयार मॉडेल मात्र शोधत बसू नका. एनच्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा आणि वरचं अंग पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिक शीटचं कापायचं. खरी मेहनत आहे ती माहिती जमवण्यात. तो सगळा मार्ग आता ब्रॉडगेज झालाय. छोटी गाडी पाहायला जाल तर रुळांवर ती सापडणार नाही. ती आहे जुन्या फोटोंत आणि तिने पंढरपूरला गेलेल्या माणसांच्या आठवणीत. डब्यांचा रंग कोणता, बाकं कशी होती, आषाढीला माणसं कशी दाटीने बसायची, हे सांगणारी पिढी आता थकली आहे. तुमच्या घरात कुणी सोलापूर-धाराशिव-लातूरकडचे आजी-आजोबा असतील तर रूळ मागवण्याआधी त्यांना फोन लावा. रूळ पुढच्या महिन्यातही मिळतील.