'हलाल'च्या पाटीखालचे प्रश्न

जळगाव-धुळ्यात ग्रिल्ड चिकनच्या हॉटेलात सहकुटुंब जाणारी आपली मंडळी एकच प्रश्न विचारतात : "हलाल आहे ना?" मालक पाटीकडे बोट दाखवतो, आणि बिस्मिल्ला होते. आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांचा आक्षेप इथेच आहे.

कुरआनात 'हलाल'च्या जोडीने 'तय्यब' हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, निकोप. हा दुसरा शब्द समाजाने कुठे ठेवला?

देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली, आपल्याच खानदेशातल्या नवापुरात. २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तरी कोंबडी कुठल्या शेडमधली, तिला कोणती औषधे दिली, हे कुणी विचारत नाही.

आणि शेगडीपुढचा पोऱ्या? १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलात, ढाब्यावर चौदा वर्षांखालचे मूल राबवायला कायद्याने बंदी आहे. आमच्या हजेरीपटावरून गळालेली नावे मग कुठे जातात? मुलाचे बालपण जाळून भाजलेली कोंबडी सुरी फिरवल्याने हलाल होते काय?

कुणी म्हणेल, २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आणले. अशा दिवसांत आपल्याच पाटीवर बोट कशाला? आम्ही म्हणतो, अशाच दिवसांत! हलाल ही जमातीची निशाणी नाही, ती सचोटीची हमी आहे. ती सिद्ध करायची तर घास उचलण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारा : पक्षी निकोप आहे का? आणि हा मुलगा शाळेत का नाही?