चिंता हे पाप नव्हे

शिरूर तालुक्यातला शेतकरी रात्रीची वीज आली की बिबट्याच्या धास्तीतच उसाला पाणी द्यायला निघतो. रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेल्या पोराला पुढच्या महिन्यात काम राहील की नाही, हे ठाऊक नसते. दौंडकडच्या घराघरांत कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या परीक्षा आहेतच. यातली ख्रिस्ती माणसे रविवारी उपासनेला येतात, आणि त्यांना पुष्कळदा ऐकवले जाते की तुम्हाला चिंता वाटते, म्हणजे तुमचा विश्वास कमी पडतो. आलेला माणूस मग मूळच्या चिंतेवर अपराधाचे आणखी एक ओझे घेऊन घरी जातो.

ही शिकवण चुकीची आहे. त्याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. दौंड तालुक्यातल्या केडगावापर्यंत गेले तरी पुरे.

तिथे निराधार मुलींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पदरी तान्ही मुलगी. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण पाणी शिंपडले आणि मन निवांत झाले, असे काही घडले नाही. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षे लागली, हे त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितले आहे. एवढ्या मोठ्या विदुषीला, एवढ्या प्रामाणिक शोधानंतरही, जर आठ वर्षे अस्वस्थ राहावे लागले, तर आपल्या मंडळीतल्या एखाद्या बाईला आठ दिवसांत शांती का मिळाली नाही, असे विचारणारे आपण कोण?

मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःची उपासमार आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती. मुलींना ठेवायचे कुठे? केडगावच्या माळावर जमीन घेतलेली होती, तिथे निवारे उभे राहिले. पुढे शेकडो तोंडे झाली आणि उद्याच्या धान्याची हमी नाही, असे दिवसही आले. रमाबाई देवापुढे गुडघे टेकत आणि उठून विहिरी खोदून घेत, शेत पेरून घेत, माग चालू करीत, छापखाना उभा करीत. मला त्यांच्या शांतीचे हेच रूप सर्वात खरे वाटते. प्रार्थनेने त्यांची काळजी हलकी झाली, काम मात्र वाढतच गेले.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला चिंता सोडण्याविषयी लिहिले, तेव्हा तो बंदिवासात होता आणि खटल्याचा निकाल काय लागेल हे त्याला माहीत नव्हते. ते पत्र वाचताना ही गोष्ट विसरली की त्याचा उपदेश सुखवस्तू माणसाने दुःखिताला केलेला वाटू लागतो. तो मागणे आणि उपकारस्तुती एकत्र ठेवायला सांगतो. भीती लपवायला कुठेही सांगत नाही.

रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै 1921 मध्ये वारली. तेव्हा त्यांचे मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर शेवटाकडे आले होते. ते काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले.

तेव्हा पाळकसाहेबांना विनंती आहे. झोप उडालेला, छातीत धडधडणारा, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलणारा कोणी तुमच्याकडे आला, तर त्याचा विश्वास तपासू नका. त्याचे ऐकून घ्या, त्याच्यासोबत प्रार्थना करा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा; औषध घेतल्याने विश्वास बाटत नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक येत्या रविवारी उपासनेतल्या सूचनांबरोबर वाचून दाखवा आणि चर्चच्या फलकावर लावा.