अब्रू मोठी की लेकरू?

रात्री उशिरा मुलगा घरी येतो. कोणाशी न बोलता आपल्या खोलीत जाऊन आडवा होतो. थोड्या वेळाने आतून घोरण्याचा आवाज येऊ लागतो. नेहमीपेक्षा जड, घशात पाणी अडकल्यासारखा. आई दाराशी उभी राहून ऐकते आणि मनाशी म्हणते, ‘झोपला एकदाचा. आज तरी भांडण नको.’ वडील दिवा मालवतात. पहाटे घोरणे थांबलेले असते. श्वासही थांबलेला असतो. मग शेजारी जमतात आणि ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढे तीन शब्द सर्वांना सांगितले जातात. खरे काय झाले, हे त्या घरातील दोन माणसांना ठाऊक असते. ती दोघे ते जन्मभर कोणालाही सांगत नाहीत.

हे चित्र एखाद्या विशिष्ट घराचे नाही, म्हणूनच ते अधिक भयंकर आहे. गर्द, अफू किंवा अफूच्या कुळातील वेदनाशामक गोळ्या व इंजेक्शने यांची अतिमात्रा झाली, म्हणजे मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावत जाते. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही. तो नुसता गाढ झोपल्यासारखा दिसतो. ते घोरणे ही झोपेची खूण नसते, ती श्वासमार्ग अडत चालल्याची सूचना असते. असा मृत्यू बहुधा तत्काळ येत नाही. काही मिनिटांचा, पुष्कळदा त्याहूनही अधिक अवधी हातात असतो. त्या अवधीत घरात माणसे असतात, शेजार असतो, दूरध्वनी असतो. नसते ते ज्ञान. आणि ज्ञान असलेच, तर आडवी येते ती अब्रू.

‘आपल्याकडे हे नाही’ हा भ्रम

‘हा प्रश्न पंजाबचा, ईशान्येकडील सीमावर्ती राज्यांचा, फार तर मुंबईच्या पदपथांवरचा. आमच्या वस्तीत, आमच्या सोसायटीत असले काही नाही,’ असे आपल्यापैकी पुष्कळांना मनापासून वाटते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले आणि केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण हा भ्रम टिकू देत नाही. त्यानुसार अफूजन्य पदार्थांचे सेवन करणारांची देशातील संख्या सुमारे २ कोटी २६ लाख आहे. त्यांपैकी सुमारे ७७ लाख जणांना उपचारांची वा साहाय्याची गरज आहे, आणि सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख आहेत. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने झालेले मृत्यू काही शेकड्यांतच मोजलेले आढळतात. एवढे रुग्ण आणि एवढेच मृत्यू? या दोन आकड्यांमधल्या दरीत आपली सामाजिक अप्रामाणिकता दडलेली आहे. जो मृत्यू आपण लपवतो, तो मोजला जात नाही. आणि जो मोजला जात नाही, त्यासाठी शासनाच्या अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर २०२३ साली नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. २०२४ साली कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याच विषाचा प्रचंड साठा सापडला. २०२५ साली तर तुळजापूरसारख्या, लक्षावधी भाविक जेथे मस्तक टेकवतात त्या गावात या पदार्थाच्या विक्रीचे प्रकरण गाजले. आता कोणत्या गावाने ‘आमच्याकडे नाही’ असे म्हणावे?

दोन टोके, एकच उपेक्षा

या विषयावर बोलणारांची एक जमात नशेला व्यक्तिस्वातंत्र्याचे लेणे चढविते. तिचा समाचार या पानांवर घेणे सोपे आहे आणि तो घेतलाही पाहिजे. ज्या पदार्थाने माणसाची इच्छाशक्तीच हिरावून घेतली जाते, त्याच्या सेवनाला ‘स्वेच्छा’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. इंग्रजांनी माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाऊ दिली आणि तिच्यावर कर वसूल केला, तेव्हा त्या व्यापारालाही स्वातंत्र्याचेच गोंडस नाव होते.

परंतु दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे? तेथे आपणच उभे आहोत. २६ जूनला, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनी, आपण फेरी काढतो, फलक धरतो, शपथ देतो. ती शपथ ज्याला लागू पडते तो मुलगा मात्र त्या फेरीत नसतो. तो घरी कडी लावून बसलेला असतो, आणि आपल्या तोंडी त्याच्याविषयी एकच वाक्य असते, ‘स्वतःच्या कर्माने गेला.’ व्यसन वाईट, हे सांगणे आवश्यकच आहे. पण व्यसनी मेला तरी चालेल, ही भूमिका कोणत्या संस्कारांत बसते? बुडणाऱ्याने पोहायला न शिकल्याचा हिशेब आपण त्याला काठावर आणल्यानंतर विचारतो, आधी नव्हे.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या विळख्याविषयी अवचटांनी केलेले लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य पुढे केले होते. व्यसनी हा तिरस्काराचा नव्हे, उपचाराचा विषय आहे, हे महाराष्ट्राला तेव्हापासून सांगितले जात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मद्य व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मनोविकारांना आजाराच्या व्याख्येत स्थान दिले आहे. कायदा पुढे गेला, समाज मागे राहिला.

सर्वांत धोक्याचे दिवस

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घ्यावी, कारण अज्ञानामुळे तिची फार मोठी किंमत मोजावी लागते. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला की घरात पेढे वाटले जातात. सुटलो, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे अतिमात्रेच्या दृष्टीने सर्वांत घातक असतात. नशा बंद असताना शरीराची ती सोसण्याची शक्ती झपाट्याने उतरते. अशा वेळी पाय घसरला आणि पूर्वीचीच मात्रा घेतली गेली, तर काल जी सोसत होती ती आज प्राण घेते. त्यातच दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची भर पडली, तर श्वास दोन्ही बाजूंनी दाबला जातो. म्हणून केंद्रातून परतलेल्या मुलाला एकटे टाकू नये, त्याचे पुढील औषधोपचार खंडित होऊ देऊ नयेत, आणि ‘पुन्हा घेतलीस तर घराचे दार बंद’ ही धमकी तर कधीच देऊ नये. ज्याला दार बंद होण्याची भीती असते, तो दाराआड एकटाच नशा करतो. एकट्याच्या अतिमात्रेला साक्षीदार नसतो, म्हणून वाचवणाराही नसतो.

केंद्र निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. ‘मारून सरळ करतो’ असे सांगणारी, साखळ्यांनी बांधणारी केंद्रे ही उपचारकेंद्रे नव्हेत. कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास २०१७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. नोंदणी विचारावी, डॉक्टर कोण ते विचारावे, आणि मगच मुलाचा हात त्यांच्या हाती द्यावा.

प्रसंग आलाच तर

माणूस हाक मारून जागा होत नाही. छातीच्या मधल्या हाडावर मुठीची हाडे जोराने घासली तरी प्रतिसाद देत नाही. श्वास अतिशय संथ, तुटक किंवा घरघरता आहे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. ओठ आणि नखे निळसर, सावळ्या वर्णात राखेसारखी दिसत आहेत. ही अतिमात्रेची लक्षणे होत. यांपैकी प्रत्येक लक्षणाची वाट पाहत बसू नये. श्वास मंदावला आणि माणूस उठत नाही, एवढे पुरेसे आहे.

प्रथम १०८ किंवा ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात काही अडकले असेल तर काढावे, डोके मागे कलवून हनुवटी वर उचलावी. श्वास नसेल वा अत्यंत क्षीण असेल, तर नाक चिमटीत धरून तोंडाने, सुमारे पाच सेकंदांना एक याप्रमाणे श्वास द्यावा. हालचाल नाही आणि श्वासही नाही, अशी अवस्था असेल तर छाती दाबण्याची क्रिया सुरू करावी; दूरध्वनीवर मिळणाऱ्या सूचना पाळाव्यात. श्वास चालू असेल, तर रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. क्षणभरही एकटे सोडू नये. मिठाचे पाणी पाजणे, ताक-लिंबू देणे, थंड पाण्याखाली धरणे, थपडा मारून चालवणे हे सारे उपाय वेळ घालवतात आणि काही तर जीवच घेतात. डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे. त्या क्षणी खोटे बोलणे म्हणजे औषध लपवणे आहे.

मेफेड्रोनसारख्या उत्तेजक पदार्थांची गोष्ट निराळी. त्यात माणूस झोपत नाही, पेटतो. अंग तापते, छातीत कळा येतात, झटके येतात, भ्रम होतो. त्यावर उतारा नाही. त्याला थंड, शांत जागी ठेवून विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच मार्ग.

अफूजन्य पदार्थांवर मात्र उतारा आहे. त्याचे नाव नॅलोक्सोन. अमेरिकेत ते १९७१ पासून वापरात आहे, भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या सूचीतही आहे. ते वेळेवर दिले तर थांबत चाललेला श्वास काही मिनिटांत परत येतो. त्याचा परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो, नशेचा त्याहून अधिक काळ टिकू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही रुग्णालयात न्यावेच लागते. अतिमात्रेचा प्रसंग ज्यांच्यासमोर घडण्याची शक्यता आहे, अशा कुटुंबीयांपर्यंत हे औषध व त्याचे प्रशिक्षण पोहोचावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितले. अमेरिकेने २०२३ साली त्याचा नाकात मारावयाचा फवारा चिठ्ठीविना विकण्यास परवानगी दिली. तेथे वर्षाला लाखाच्या वर गेलेले अतिमात्रेचे मृत्यू २०२४ साली सुमारे ८० हजारांवर उतरले. याचे श्रेय एकट्या औषधाला देता येणार नाही, परंतु त्यातील त्याचा वाटा नाकारणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्याकडे हे औषध रुग्णालयाच्या कपाटात आहे आणि रुग्ण घराच्या खोलीत. मधले अंतर कापायचे कोणी?

‘उतारा हाताशी ठेवला तर पोरे अधिकच निर्ढावतील,’ असा आक्षेप घेतला जातो. अग्निशामक नळकांडे भिंतीवर लावल्याने कोणी घर पेटवून देत नाही. मेलेला मुलगा व्यसनमुक्त होत नाही. व्यसनमुक्त होण्यासाठी त्याने आधी जगले पाहिजे.

भीती कायद्याची

मदतीस माणसे कचरतात त्यामागे पोलिसांची भीतीही आहे. ती दूर केली पाहिजे. रुग्ण दारात आला की आधी उपचार, कागदपत्रे नंतर, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात दिला. तो सरकारी आणि खासगी अशा सर्व डॉक्टरांना लागू आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील ६४ अ हे कलम, अल्पमात्रेच्या प्रकरणातील व्यसनग्रस्ताने मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास त्याला खटल्यापासून संरक्षण देते. रस्त्यावरील अपघातग्रस्तास रुग्णालयात पोहोचविणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने अभय दिले. मग अतिमात्रेने निपचित पडलेल्या मित्रासाठी रुग्णवाहिका बोलाविणाऱ्या तरुणाला तसेच स्पष्ट अभय का नसावे? आज ते नसल्यामुळे मित्र पळून जातात आणि मुलगा जिन्याखाली मरतो. विक्रेत्याला आणि कारखानदाराला कठोरात कठोर शासन झालेच पाहिजे. त्यांची माहिती देण्यासाठी १९३३ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पण विक्रेता आणि त्याचे सावज यांना एकाच मापाने मोजणारा समाज विक्रेत्याचेच काम सोपे करतो.

शासनाकडे मागणी करूच. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि १०८ च्या प्रत्येक गाडीत हा उतारा आहे काय, हे आपल्या तालुक्यात आपणच जाऊन विचारावे. पण तेवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या गणेश मंडळांना, पुरात धावून जाणाऱ्या कार्यकर्त्यांना, महिलांच्या भजनी मंडळांना एका रविवारी डॉक्टर बोलावून श्वास कसा द्यावा, कुशीवर कसे वळवावे, हे शिकता येणार नाही काय? वस्तीत दहा माणसे शिकलेली असली आणि ती तोंडाला कुलूप लावणारी असली, म्हणजे रात्री दोन वाजता आई त्यांचे दार ठोठावील. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा विनामूल्य राष्ट्रीय क्रमांक आहे. तो प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावा.

अब्रू ही घराची असते, हे खरे. पण घर कशाचे असते? माणसांचे. त्या माणसांपैकी एक जण आतल्या खोलीत घशात पाणी अडकल्यासारखा घोरत असेल, तर दिवा मालवू नका. दार उघडा, त्याला हलवा, शेजाऱ्याला हाक मारा. उद्या लोक काय म्हणतील, याची चिंता उद्या करता येईल. तो श्वास आजच वाचवावा लागेल.