शोकेसमधला नंदी

आमच्या मुलुंडच्या घरी शोकेसमध्ये तळहाताएवढा दगडी नंदी आहे. लहानपणी गावी विहीर खणताना निघाला. किती खोलीवर, शेजारी काय होतं, कोणी लिहून ठेवलं नाही. मी तर ओढ्यावर नेऊन घासून चकचकीत केला! नातू विचारतो, "आबा, किती जुना?" जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर गप्प.

इजिप्तमध्ये तुतानखामेनचं थडगं 1922 साली सापडलं. त्यात दगडातून कोरलेला रानबोकड आहे, खरं तर तेलाची बरणी. हॉवर्ड कार्टरने एकेका वस्तूला क्रमांक दिला, जागेवरच फोटो काढवले, मग हलवलं. त्यामुळे तो बोकड कुणाचा, कधीचा, हे कळतं.

आपल्या दायमाबादला 1974 साली झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ मिळाला. अप्रतिम काम! पण शास्त्रोक्त उत्खननात थरांतून निघालेले नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल वाद राहिलाच.

म्हणून मंडळी, गावी असं काही दिसलं तर आधी जागेवरच मोबाइलने फोटो काढा, तहसीलदारांना कळवा. धुऊ नका. शेंदूर तर मुळीच नको. हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय म्हणा!

आमच्या हिला नंदी देवघरात हवाय. अजून तरी तो शोकेसमध्येच आहे.