ओट्याची उंची

रविवारची सुट्टी काही पंचांगातून आलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठं १८९० मध्ये ती पदरात पडली. आमच्या मिस्त्रीला हा इतिहास ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. पण त्याचा लाभ तो चोख घेतो. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातला जुना ओटा फोडून, राडारोडा दाराशी रचून तो निघाला आणि जाता जाता म्हणाला, "साहेब, उद्या गिलाव्याला तीनदा पाणी मारा. आणि नव्या ओट्याची उंची किती ठेवायची, ते सोमवारी सांगा."

पहिलं काम मला मोठं वाटलं आणि दुसरं अगदीच किरकोळ. माणसाची समज ही अशी!

रविवारी सकाळी जाग आली तेव्हा माझ्या उशाशी डाळ-तांदळाचे डबे होते आणि पायथ्याशी फ्रिज गुरगुरत होता. अख्खं घर दिवाणखान्यात येऊन बसलं होतं. कपाटाचं दार चार बोटंच उघडत असल्यामुळे त्या फटीतून जो शर्ट बाहेर येईल, तो आमच्या चिरंजीवांनी अंगात घातला. साखरेच्या डब्यात मोहरी निघाली. विजेची शेगडी टीपॉयवर मांडून आणि स्वतः मोड्यावर बसून हिनं पोहे केले.

"आई, आज खोबऱ्याऐवजी सिमेंट पेरलंयस का?" चिरंजीवांनी विचारलं.

"खा मुकाट्यानं. पोट पक्कं होईल," आई म्हणाली.

मग गिलाव्याला पाणी मारण्याचा समारंभ झाला. निम्मं पाणी भिंतीला मिळालं, निम्मं मला. "भिंत वाळायला हवी, तर ओली कसली करायची?" असं मी म्हणताच कन्येनं माझी कीव केली. ती वास्तुशास्त्राच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. "बाबा, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून घट्ट होतं. निदान सात दिवस तरी ते ओलं ठेवायचं."

जेवणाच्या वेळी मिस्त्रीचा दुसरा प्रश्न निघाला. "होती तेवढीच उंची ठेवू," मी निकाल देऊन टाकला. "१९७८ पासून काही अडलंय का?"

ही पोळी लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं. ती काहीच बोलली नाही. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेली आहेत. तेव्हा ही काहीच बोलत नाही म्हणजे बरंच काही बोलते, एवढं मला कळतं.

कन्येलाही कळलं असावं. जेवण होताच ती टेप घेऊन आली. "आई, इकडं ये. सरळ उभी राहा. खांदे सैल सोड. आता कोपरात हात वाकव." जमिनीपासून कोपरापर्यंत ४१ इंच भरले. "काम करायची जागा कोपराच्या चार-पाच इंच खाली असावी. म्हणजे तुला ३६ इंच हवेत." तिनं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली.

ओटा फुटला होता, तरी भिंतीवर त्याची खूण शिल्लक होती. ती २९ इंचांवर होती. दोन रेघांमधलं सात इंचांचं अंतर आम्ही सगळे पाहत राहिलो.

संध्याकाळी ही पाठ टेकून जमिनीवर पडते, हे मी कित्येक वर्षं पाहत आलो आहे. त्यावर 'चालायला जात जा', 'मोबाईल कमी बघ', असे मौलिक सल्लेही दिले आहेत. ऑफिसातली माझी खुर्ची बोचू लागली, तेव्हा मात्र आठवड्याच्या आत ती बदलून घेतली होती.

पहिल्यांदा आईच बोलली. "तेव्हा गवंड्यानं मला उभं करून माप घेतलं होतं. त्याआधी मी जमिनीवर बसून रांधायची. उभ्याचा ओटा झाला तेव्हा केवढी मिरवले मी! पण मी चार फूट दहा इंच आणि ही साडेपाच फूट. ओटा माझ्या मापाचा, आणि वाकली ही. अगं, बोलली का नाहीस कधी?"

"तुमचा ओटा होता तो, आई," ही म्हणाली. आणि लगेच, "पण ३६ इंच केला तर तुमचा हात पुरायचा नाही. दुपारचा चहा तुम्ही तुमच्या हातानं करता. तो बंद करायचा का?"

पंचवीस वर्षं वाकलेल्या बाईला त्या घडीलाही सासूच्या चहाची काळजी! मी उठून उगाचच गिलाव्याला पाणी मारून आलो.

शेवटी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर कन्येनं नकाशा काढला. मुख्य ओटा ३६ इंच. शेगडीला स्वतःची उंची असते, म्हणून तेवढा भाग ३२. आणि खिडकीशी दोन फूट जागा जुन्या मापाची, २९ इंच: आजीची, तिच्या चहाची.

"बाबांची उंची किती?" चिरंजीवांनी मधेच विचारलं.

"पाच फूट सात."

"म्हणजे ३६ चा ओटा बाबांनाही बरोबर बसेल!"

ओटा फार ठेंगणा पडतो, ही माझी भांडी न घासण्याची जुनी सबब त्या वाक्यासरशी राडारोड्यात जमा झाली.

सोमवारी मिस्त्री म्हणाला, "साहेब, एका ओट्याला तीन उंच्या? असं कुणी करत नाही." मी म्हटलं, "आम्ही करतो. आणि माप नव्या फरशीपासून धरा. जुनीवर नवी बसली की दोन इंच तिथंच खाल्ले जातात." हे ज्ञानही अर्थात कन्येचंच.

वाचकहो, फराळाचं ताट पुढं आलं की एकदा टेप घेऊन स्वयंपाकघरात जा. त्या चकल्या किती इंचांवर वाकून झाल्या आहेत, ते मोजा. १८९० ची ती सुट्टी अजून तिथवर पोचलेली नाही. निदान ओटा तरी मापाचा असावा.